सीताबर्डीखालचं बेट

सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती टेकडी लाव्हाची आहे. सह्याद्रीपासून पसरत आलेला दख्खनचा काळा कातळ पूर्वेकडे सरकत सरकत नागपुरात येऊन संपतो. शहराच्या पश्चिम अंगाला बेसाल्ट आहे आणि पूर्व अंगाला त्याच्या कित्येक पटींनी जुना पट्टिताश्म. सेमिनरी हिल्सवरून निघून पारडीकडे जाणारा माणूस शहरातल्या शहरात पृथ्वीच्या दोन अगदी वेगळ्या युगांवरून चालत जातो, आणि रोज जात असल्यामुळे त्याला त्याचं काही वाटत नाही.

हा लाव्हा एका दमात आलेला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो लोंढ्यामागून लोंढा असा आला आणि मधेमधे बराच काळ थांबला. थांबलेल्या काळात थंड कातळाच्या खोलगटांत पाणी साचलं, तळी झाली. तळ्यांत शेवाळ, नेचे आणि पाणवनस्पती आल्या, काठावर ताडामाडाच्या जातीची झाडं उभी राहिली. पुढचा लोंढा आला की ते तळं झाकलं जाई. पण त्याआधी सिलिका विरघळलेलं पाणी फळांत, बियांत, खोडांत मुरलेलं असे आणि पेशी न पेशी दगडात जपली जाई. दोन कातळांच्या मधल्या या पातळ थरांना भूवैज्ञानिक आंतरट्रॅपी थर म्हणतात आणि त्यातल्या गारेसारख्या कठीण दगडाला चर्ट. नागपूरच्या आजूबाजूला या थरांची रांगच आहे. टाकळी आणि माहुरझरी शहराच्या अंगाला, उत्तरेला सौसरजवळ मोहगाव कलान, आणखी वर घुघवा.

टाकळीचा थर जगाला दाखवला तो स्टीफन हिस्लॉप यांनी. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. धर्मप्रचार आणि शाळा हे त्यांचं काम, पण हाताला हातोडी लागलेली. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. टाकळीच्या दगडांतून त्यांनी गोड्या पाण्यातल्या गोगलगायी काढल्या, आणि शिवाय फळं, बिया, पानं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळच्या पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. पुढे १८८३ मध्ये त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं. हिस्लॉप कॉलेज ठाऊक नसलेला नागपूरकर सापडायचा नाही. त्याच हिस्लॉपनी टाकळीतून कोणती फळं काढली हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि माझ्या मते त्यांचं इथलं सर्वांत टिकाऊ काम तेच.

कारण ही फळं एका बेटावरची आहेत. हिस्लॉपना ते कळण्याचा मार्ग नव्हता. खंडं सरकतात ही कल्पनाच त्यांच्यानंतर अर्ध्या शतकाने मांडली गेली. आज आपल्याला माहीत आहे की भारताची भूमी आधी आफ्रिकेपासून सुटली, मग सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून, आणि दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास सेशेल्सपासून. त्यानंतर ती वर्षाला पंधराएक सेंटिमीटर या वेगाने उत्तरेकडे निघाली. भूखंडांच्या हिशेबात ही धावच म्हणायची. आशियाला ती भिडली ती सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे टाकळीच्या तळ्याकाठी फळ पिकत होतं तेव्हा नागपूर विषुववृत्ताच्या दक्षिणेला, चारही बाजूंनी समुद्र असलेल्या भूमीवर होतं.

बेटावर वनस्पतींचं काय होतं, याचं सर्वांत चोख उदाहरण हवाई बेटांवर आहे. सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या एका सूर्यफुलाच्या कुळातल्या, चिकट अंगाच्या लहानशा रोपाचं बी, बहुधा एखाद्या पक्ष्याच्या पिसांना चिकटून, चार हजार किलोमीटर समुद्र ओलांडून तिथे पोहोचलं. समोर जवळजवळ रिकामी भूमी होती. स्पर्धा करणारी झाडं कमी होती आणि जागा नाना तऱ्हेच्या होत्या. ओली जंगलं, दलदली, लाव्हाची कोरडी मैदानं, तीन हजार मीटरवरचे गारठलेले ज्वालामुखी. आज त्या एका पूर्वजाचे सुमारे तीस जातींचे वंशज तिथे आहेत. हालेआकालाच्या राखेत रुपेरी केसाळ पानांचा गुच्छ करून वर्षानुवर्षं बसणारी आणि आयुष्यात एकदाच फुलून मरणारी वनस्पती त्यांतलीच. काउआई बेटावरच्या दलदलीतली उशीसारखी गादी, झाडावर चढणारी जाडजूड वेल, खरा वृक्ष आणि काठीच्या टोकाला पानांचा झुबका घेऊन उभी राहणारी वनस्पतीही त्यांतलीच. शर्विन कार्लक्विस्ट यांनी १९५९ मध्ये लाकडाच्या आणि पानांच्या आतल्या रचनेवरून हे सगळे कॅलिफोर्नियातल्या त्या रोपांचे भाऊबंद असल्याचं मांडलं. १९९० च्या दशकात ब्रूस बाल्डविन यांच्या डीएनए अभ्यासाने ते पक्कं झालं. वृक्ष आणि उशी यांचा संकर घडवला तर बी धरतं, इतकी ही मंडळी अजून जवळची आहेत.

एका पूर्वजापासून, वेगवेगळ्या जागांशी जुळवून घेत, थोड्या काळात पुष्कळ रूपं उमटणं याला जीवशास्त्रात अनुकूली प्रसरण म्हणतात. गालापागोसवर झाडांएवढे वाढलेले सूर्यफुलाचे नातेवाईक आहेत, कॅनरी बेटांवर रसाळ पानांची एओनियम आहेत. सगळीकडे घडण तीच: मोकळी जागा, वेगवेगळे अधिवास आणि मुख्य भूमीपासूनचं अंतर.

मग आपल्या बेटाचं काय? हवाई हे ठिपके आहेत. भारत हे अख्खं उपखंड होतं आणि कोट्यवधी वर्षं एकटं होतं. तिथे तर विलक्षण, जगात कुठेच नसलेल्या वनस्पतींचं रान माजलं असायला हवं. याचं उत्तर कुठे असेल तर ते नागपूरभोवतीच्या चर्टमध्ये आहे, आणि ते सरळ नाही.

मोहगाव कलानचे जीवाश्म प्रथम के. पी. रोडे यांनी १९३३ च्या सुमारास पुढे आणले. सौसर-पांढुर्णा हा मराठी बोलणारा टापू, आज मध्य प्रदेशात. रोड्यांच्या मागोमाग बिरबल साहनी या दगडांकडे वळले आणि त्यांनी जे वर्णन केलं त्याने मध्य भारताचं नाव जगाच्या पुरावनस्पतिशास्त्रात कायमचं गेलं. लखनौच्या त्यांच्या संस्थेची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. तिच्यात निरनिराळ्या काळांचे जीवाश्म जडवलेले आहेत. त्यानंतर आठवड्याभरात साहनी गेले. त्यांनी मोहगावच्या एका कप्प्याकप्प्यांच्या फळाला ‘एनिग्मोकार्पॉन’ म्हणजे कोड्याचं फळ असं नाव दिलं. पुढे त्याच दगडांत मिळालेल्या फुलाशी त्याची सांगड बसली आणि कोडं बरंच उलगडलं. ही मेंदीच्या कुळातली, पाण्याकाठची वनस्पती. मेंदी, धायटी आणि आपलं राज्यपुष्प तामण यांच्या कुळात तिची जागा.

साहनींनी सौसर परिसरातूनच अझोलाचीही एक जात नोंदवली. धानाच्या बांधीत नत्र मिळावं म्हणून शेतकरी जी इवलीशी तरंगती वनस्पती सोडतात, तिची ही ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची नातेवाईक. खाजणात वाढणाऱ्या निपा ताडाचं फळही मोहगावला निघालं. निपा सध्या सुंदरबनात दिसतो. तो इथे सापडतो म्हणजे खारं पाणी फार दूर नसावं, आणि नागपूरच्या उत्तरेला समुद्राची एखादी जीभ आत आली होती का हा वाद त्यामुळेच आजवर चालू आहे.

नागपूरच्या विज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या शया चितळे यांनी या दगडांना आयुष्याची कित्येक वर्षं दिली. चर्टचा पातळ काप घासून काढायचा किंवा आम्लाने पृष्ठभाग खाऊन त्यावरून पापुद्रा उचलायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशीभिंत मोजायची, असं हे काम. एका फळाचा त्रिमित आकार कळायला कापांची मालिका लागते आणि दगडाचा तुकडा एकदाच कापता येतो. पुढे त्या अमेरिकेत क्लीव्हलंडच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेल्या, तिथे पुरावनस्पती विभाग उभा केला आणि वयाची नव्वदी आली तरी काम करत राहिल्या. २०१३ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, स्टीव्हन मँचेस्टर, भंडाऱ्याचे दशरथ कापगते आणि जून वेन यांनी मध्य भारतातल्या याच चर्टमधून द्राक्षकुळाच्या बियांचं वर्णन प्रसिद्ध केलं. तोवर मिळालेल्या त्या कुळाच्या त्या सर्वांत जुन्या बिया होत्या. त्यांना नाव दिलं ‘इंडोव्हायटिस चितळेई’. द्राक्षं म्हटलं की आपण नाशिककडे पाहतो. त्या कुळाचा जुन्यात जुना पुरावा मात्र विदर्भाच्या बाजूला आहे, आणि तो वाचणारी परंपराही नागपूर-भंडाऱ्याचीच.

आता कोडं असं. मेंदीचं कुळ, द्राक्षाचं कुळ, अझोला, निपा, ताड ही सगळी ओळखीची मंडळी आहेत. जगात इतरत्रही त्यांचे नातेवाईक आहेत. एवढा काळ एकटं राहिलेल्या भूमीवर इतक्या ओळखीच्या वनस्पती का? यावर दोन बाजू आहेत. एक म्हणते, भारत पुरता एकटा कधीच नव्हता. वाटेत आफ्रिकेच्या किनाऱ्याशी आणि समुद्रातल्या ज्वालामुखी बेटांच्या साखळ्यांशी त्याचा संबंध येत राहिला आणि बिया, बेडूक, लहान सस्तन प्राणी येत-जात राहिले. दुसरी बाजू चर्टमधल्या अनोळखी मंडळींकडे बोट दाखवते. ‘विराकार्पॉन’चं कणीस आहे, ‘ट्रायकॉक्साइट्स’चं तीन कप्प्यांचं फळ आहे. एकदल वनस्पती एवढं नक्की, पण आजच्या कोणत्याही कुळात ती नीट बसत नाहीत. माझा कल दुसऱ्या बाजूकडे थोडा अधिक आहे. ओळखीचं फळ ओळखता येतं म्हणून त्याचं नाव लवकर पडतं. जे ओळखता येत नाही ते कपाटात पडून राहतं. आपल्या बेटावरचं जे खरं वेगळेपण होतं ते त्या न जुळणाऱ्या कणसांत असण्याची शक्यता जास्त, आणि लाव्हाने ज्यांचा वंश बुडवला त्यांचे नातेवाईक आज शोधून सापडणारही नाहीत.

या वादात सर्वांत अनपेक्षित साक्ष आली ती चंद्रपूर जिल्ह्यातून, आणि तीही शेणातून. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याच्या शिवारात लाल मातीतून गोल, लांबट, पीळ पडलेले दगड वर येतात. हिस्लॉपच्या काळापासून हे गाव हाडांसाठी प्रसिद्ध आहे. ते गोटे म्हणजे दगड झालेली विष्ठा, आणि त्यांतली काही सॉरोपॉड डायनासोरांची मानली जाते. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ती विरघळवून तपासली. तिच्यात गवताच्या पानांतले सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. एकाच नव्हे, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. २००५ मध्ये हे ‘सायन्स’मध्ये आलं तेव्हा खळबळ उडाली, कारण डायनासोर संपल्यानंतर गवत फोफावलं अशीच सर्वांची समजूत होती. २०११ मध्ये पुढचा शोध आला. त्या गवतांत तांदळाच्या गणाचे नातेवाईक होते.

आता यातून काय निघतं ते पाहा. गवताच्या कुळातल्या फांद्या त्या वेळी आधीच फुटलेल्या होत्या. बारा हजारांच्या आसपास जाती असलेलं, माणसाला गहू, ज्वारी, धान, ऊस देणारं हे कुळ आपल्याला वाटत होतं त्याहून बरंच आधी पसरू लागलं होतं आणि त्या पसरण्याचा एक अंक तरी या बेटावर घडला. यावरून भाताचा जन्म विदर्भात झाला असं कुणी म्हणू नये. पुराव्यात तेवढं नाही, आणि माणसाने लावलेलं भात तर फार अलीकडचं. पण भंडारा-गोंदियाच्या चिन्नोरच्या लोंबीत जो वंश आहे, त्याच्या अतिप्राचीन चुलत्यांपैकी कुणी तरी पिसदुऱ्याच्या जनावराने खाल्लं होतं, हे मात्र दगडात लिहिलेलं आहे.

बेटावर घडलेलं काही बेटावरच राहिलं नाही. मंडला-बालाघाटकडच्या सालवृक्षाचं कुळ घ्या. सेशेल्समध्ये या कुळाचा एकच वृक्ष आहे, तो जगात आणखी कुठेही नाही. बोर्निओत मात्र या कुळाच्या अडीचशेहून जास्त जाती आहेत आणि तिथल्या जंगलाची उंच छत्री त्यांचीच आहे. सुरतजवळच्या वस्तान खाणीतल्या सुमारे ५ कोटी वर्षांच्या अंबरात या कुळाचा चीक ओळखला गेला, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. २०२२ मध्ये सुदान आणि भारतातल्या, डायनासोर अजून हयात असतानाच्या थरांतले या कुळाचे परागकण पुढे आले. आफ्रिकेतून भारतात, भारताबरोबर उत्तरेला आणि टक्कर झाल्यावर आग्नेय आशियात, असा तो प्रवास आता बराच स्पष्ट दिसतो. एका बेटाने वाहून नेलेलं कुळ दुसऱ्या बेटांवर जाऊन शेकडो रूपांत पसरलं. नागपूरजवळच्या दगडांचा अभ्यास बोर्निओच्या जंगलाला लागतो तो असा.

बेट आशियाला जोडलं गेल्यावर गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही, आणि याला कारण तोच लाव्हा. त्याने टाकळीची तळी पुरली. त्याचंच पश्चिमेचं टोक उंच उचललं गेलं, पावसाने झिजलं, आणि माथ्यावर लोहयुक्त जांभ्याची कवचं तयार झाली. साताऱ्याचं कास, पाचगणीचं टेबल लँड, आंबोलीचे आणि कोकणातले सडे ही सगळी तीच. आजूबाजूला जंगल किंवा दरी, आणि मधे उघडा कातळ. झाडांच्या दृष्टीने हे बेटच. पावसाळ्यात त्यावर घोटाभर पाणी, बाकीचे आठ महिने तव्यासारखा ताप. मातीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू किडे धरून पोट भरतात. कासच्या डबक्यांतला वायतुरा १९८२ पर्यंत विज्ञानाला माहीत नव्हता. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशात गेला त्यात कास आहे.

या सड्यांवर आणि कड्यांवर प्रसरणाचं जिवंत उदाहरण पाहायचं तर कंदीलपुष्प पाहावं. गुराखी, धनगर त्याला खरपुडी म्हणतात आणि त्याचे कंद उकरून खातात. नळीसारखं फूल, वर पाकळ्यांचा पिंजरा. वासाने ओढली गेलेली बारीक माशी आत घसरते, आत वळलेले केस तिला परत येऊ देत नाहीत. केस सुकले की ती परागांच्या पिशव्या घेऊन सुटते आणि पुढच्या फुलात पुन्हा अडकते. भारतात याच्या पन्नासहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक फक्त महाराष्ट्राच्या सह्याद्रीत. झुडपांच्या गर्दीत राहणाऱ्या जाती, उदाहरणार्थ खंडाळ्याकडची ‘सेरोपेजिया इव्हान्सी’, वेल होऊन वर चढतात. उघड्या सड्यावरच्या ‘अटेन्युएटा’ आणि ‘जैनी’ चढायचं सोडून ताठ उभ्या राहतात आणि पानं गवतासारखी बारीक करतात. आधाराला झुडूप नाही, वारा जोराचा, आणि गवतात मिसळून गेलं तर चरणाऱ्या जनावराच्या तोंडातून वाचणं सोपं. ‘लॉई’ हरिश्चंद्रगडाच्या कड्यांवर. ‘अंजनेरिका’ २००६ मध्ये अंजनेरीवरून नोंदली गेली, तर २०२३ मध्ये विशाळगडावरून मिळालेल्या जातीला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं, ‘शिवरायियाना’.

एक फरक मात्र जपायला हवा, कारण अलीकडे प्रत्येक बहुजाती वंशाला प्रसरणाचं नाव देण्याची घाई दिसते. वेल आणि ताठ रोप हा फरक अधिवासाशी जुळतो, त्याला अनुकूली म्हणणं रास्त आहे. पण दोन शेजारच्या गडांवर दोन ताठ कंदीलपुष्पं असतील, दोन्हींच्या जागा सारख्या असतील आणि फरक फक्त पाकळीच्या ठेवणीत असेल, तर ते नुसत्या दुराव्याने झालेलं असू शकतं. किंवा दोन गडांवरची माशीच वेगळी असेल. कोण कुठल्या फुलात जातं हे पावसाळ्यात कड्यावर बसून पाहिल्याशिवाय ठरत नाही, आणि त्या निरीक्षणांची आपल्याकडे मोठी टंचाई आहे. हवाईमध्ये ते काम कित्येक वर्षं चाललं आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दुर्मिळ कंदीलपुष्पं वाढवली, कृत्रिम परागीभवन करून बी धरवलं आणि काही पुन्हा मूळ जागी लावली. एका विद्यापीठाने, एका वंशासाठी, चिकाटीने केलेलं हे काम आहे. चर्टमधल्या बेटाला असा कैवारी मिळायला हवा. मध्य प्रदेशाने १९८३ मध्ये घुघव्याला जीवाश्म राष्ट्रीय उद्यान केलं, म्हणून तिथली ताडांची दगडी खोडं जागेवर पाहता येतात. टाकळी आता शहराच्या पोटात गेली आहे, माहुरझरीकडे शहर सरकतं आहे, आणि चांगल्या चर्टची गिट्टी इतर दगडाच्या गिट्टीइतक्याच भावाने जाते. पाया खणताना निघालेला थर वाया जाण्याआधी एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने उचलून न्यावा, ही फार खर्चाची गोष्ट नाही. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, हिस्लॉप गेले त्याच १८६३ सालचा आहे. तिथे मोहगावच्या फळाचा एक काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि शाळेच्या पोरांना रांगेत उभं करून त्यात डोकावू दिलं, तर मी स्वतः त्या रांगेत उभा राहीन.

तपासणीची साधनं दरम्यान बदलली आहेत. बिरबल साहनींच्या पिढीला फळ समजून घ्यायला ते कापावंच लागे. आता क्ष-किरणांच्या सीटी स्कॅनने दगड न फोडता आतल्या बियांची मांडणी संगणकावर फिरवून पाहता येते, आणि जुन्या संग्रहांतल्या नमुन्यांवर हेच नव्याने सुरू झालं आहे. ‘विराकार्पॉन’ त्यात आहे. त्याचे नातेवाईक मात्र अजून ठरलेले नाहीत.